बाराशे चाळीस फुटांचे कुंपण : एका आमराईच्या हद्दीचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका गावात दोन भावांची सामाईक जमीन आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र सुमारे ८२ आर, म्हणजे दोन एकरांहून किंचित जास्त. त्यापैकी वरचा उत्तरेकडील भाग कातळाचा असल्यामुळे पोटखराब्यात, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्रात, दाखवलेला. जमीन वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जाते. वर कातळ, मधल्या उतारावर हापूसची पंचेचाळीसएक झाडे आणि नवी काजूची लागवड, तर खाली पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) अंगाला सुपारी आणि थोडी कणगर हे कंदपीक. समुद्र सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर असल्याने खारी हवा बारा महिने लागते. थोरले बंधू मुंबईच्या उपनगरातून नुकतेच निवृत्त झालेले. धाकटे गावीच राहून बाग पाहतात. मी स्थापत्य विभागातील नोकरी संपवून याच परिसरात राहतो आणि दोघांचाही जुना परिचित आहे. या कामात माझा सहभाग सल्ल्यापुरता होता, पण बहुतेक टप्प्यांना मी हजर होतो. ओळख पटेल असे तपशील पुढे गाळले आहेत किंवा बदलले आहेत.

बागेला कुंपण नव्हते असे नाही. नऊ वर्षांपूर्वी लाकडी मेढी पुरून त्यांवर काटेरी तारेचे चार पदर ओढले होते. मेढी निम्म्या वाळवीने खाल्ल्या, वरच्या अंगाच्या एका मार्चातल्या वणव्यात जळाल्या, आणि तार इतकी गंजली की हाताने वाकवली तरी तुटायची. बागेच्या पश्चिमेला २४० फूट लांबीचा जुना गडगा, म्हणजे दगड नुसते रचून केलेला बांध, मात्र तीन पिढ्यांपासून उभा होता. कुठे ढासळलेला आणि कुठे शेवाळलेला असला, तरी आपल्या जागी होता.

अडचण

भातकापणी झाली की आमच्याकडे गुरे मोकळी सुटतात, आणि अलीकडे दावणीला न जाणारी उनाड गुरेही वाढली आहेत. काजूची कोवळी रोपे त्यांनी सलग दोन वर्षे शेंड्यासकट खाल्ली. रानडुकरांनी खालच्या अंगाची कणगर उकरलीच, शिवाय सुपारीच्या नव्या रोपांची आळीही नांगरल्यासारखी उलथून टाकली. तिसरी तक्रार माकडांची होती. तिच्यावर कोणत्याही कुंपणाचा इलाज नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले. थोरल्यांना ते पटायला बराच वेळ लागला, कारण पाच फूट जाळी घातल्यावर माकड आत कसे येईल, हा प्रश्न शहरात राहून स्वाभाविकच वाटतो.

खरी अडचण जनावरांची नव्हतीच. दोन्ही भावांनी कुंपणाचा विचार ‘फुटाला किती’ या एकाच प्रश्नाने सुरू केला होता. दूरध्वनीवर तिघांना विचारून तीन दर जमवले होते, आणि हद्द नेमकी कुठून जाते, खाली माती आहे की कातळ, पाणी कुठून वाहते, माणसे कुठून जातात, यांपैकी काहीही कागदावर आलेले नव्हते. बाराशे चाळीस फूट हा परिघही धाकट्यांनी पावलांनी मोजलेला होता. पुढे मोजणीत तो जवळपास तेवढाच निघाला हा योगायोग.

पहिला निर्णय : आधी मोजणी

थोरल्यांना आंब्याच्या हंगामाआधी काम संपवायचे होते. मोजणीचा अर्ज, शुल्क, सहधारकांना आणि लगतच्या खातेदारांना नोटिसा, भूकरमापकाची तारीख, या सगळ्यांत तीन-चार महिने सहज जातात, त्यामुळे ‘आपला गडगा आहे, आपली मेर सगळ्यांना ठाऊक आहे’ म्हणून ती टाळावी असा त्यांचा कल होता. मी विरोध केला. तात्पुरती काटेरी तार चुकीच्या जागी पडली तर सोडवून घेता येते. काँक्रीटमध्ये बसवलेला खांब चुकला तर भांडण आणि खर्च दोन्ही दुप्पट होतात. अखेर ऑक्टोबरमध्ये भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला आणि जानेवारीच्या मध्यावर मोजणी झाली.

मोजणीत निघाले ते कोणालाच नको होते. पश्चिमेचा गडगा नकाशावरील हद्दीपासून सरासरी पाच फूट आत, म्हणजे भावांच्या जमिनीत उभा होता. २४० फूट लांबीवर पाच फूट म्हणजे बाराशे चौरस फूट, एका गुंठ्याहून थोडे जास्त क्षेत्र शेजाऱ्याच्या वहिवाटीत गेलेले. थोरल्यांनी त्याच संध्याकाळी जेसीबी बोलावून गडगा काढून टाकण्याची भाषा केली. धाकटे गप्प होते, कारण शेजाऱ्याच्या विहिरीवरून त्यांच्या सुपारीला उन्हाळ्यात पाणी मिळते.

इथे तीन मार्ग होते. गडगा पाडून नकाशाप्रमाणे नवे कुंपण घालणे, काहीही न बोलता गडगा तसाच ठेवणे, किंवा गडगा ठेवून हद्दीची स्थिती दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करणे. पहिल्या मार्गात गुंठाभर जमीन मिळाली असती आणि पाणी गेले असते. दुसरा मार्ग सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट होता. जमीन आपली आहे हे कळूनही मालक गप्प राहिला आणि समोरच्याचा हक्क सांगणारा ताबा चालू राहिला, तर १९६३ च्या मुदत कायद्यातील बारा वर्षांची मुदत पुढे आड येऊ शकते. तोच ताबा मालकाच्या परवानगीने आहे असे कागदावर असले तर गोष्ट वेगळी होते. भावांनी तिसरा मार्ग घेतला. वकिलाकडून मसुदा करून घेतला, मुद्रांकावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या, मोजणीची ‘क’ प्रत (हद्द दाखवणारा मोजणी नकाशा) सोबत जोडली, आणि गडग्याची डागडुजी दोघांनी मिळून करायची असे ठरले. शेजारी वयस्कर गृहस्थ आहेत. सही करताना ते धाकट्यांना एवढेच म्हणाले, “बाबू, माझ्या बापाशीन घातलेला गडगो तू मोडलंस नाय, ह्या मी इसरणार नाय.”

दुसरा निर्णय : वाडीची वाट

उत्तरेच्या कातळावरून बागेतून खालच्या रस्त्याला उतरणारी तीनएक फूट रुंदीची पायवाट होती. वरच्या वाडीतील बायका, शाळेत जाणारी मुले आणि कधीमधी सरपणाच्या मोळ्या या वाटेने जातात. नकाशावर ती वाट नव्हती. थोरल्यांचे म्हणणे सरळ होते की जी वाट नकाशात नाही ती नाहीच; पर्यायी रस्ता अर्धा किलोमीटर वळसा घालून आहे, लोकांनी तिकडून जावे.

वहिवाटीच्या वाटेबाबत कायदा इतका सरळ नाही. बांधावरून जाण्याच्या हक्काचा प्रश्न महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांपुढे जाऊ शकतो, आणि वहिवाटीतला रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडथळा दूर करण्याचा आदेश मागता येतो. निकाल कोणत्याही बाजूने लागो, तोवर कुंपणाचा एक तुकडा उघडाच राहिला असता आणि त्यातून गुरे आत आली असती. शिवाय वाडी नाराज झाली तर नवी जाळी पहिल्या वर्षातच कोणीतरी कापणार, हे सांगायला कायदा लागत नाही.

अखेर निर्णय भावांच्या काकींनी केला. त्या बैठकीला सुपारी कातरत बसल्या होत्या; कातरता कातरताच म्हणाल्या, “सासूबाय त्या वाटेन पाण्याक जायची. तिकडे बेडा ठेवा नि गप बसा.” वाटेच्या दोन्ही टोकांना चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) दोन-दोन खांब उभारून त्यांत आडवे बांबू सरकवायचे जुन्या पद्धतीचे बेडे करायचे ठरले. माणूस बांबू सरकवून जातो आणि गुराला ते जमत नाही. वाडीच्या बैठकीत धाकट्यांनी जाऊन सांगितले की वाट राहील, बेडा लावायची जबाबदारी जाणाऱ्याची. एवढ्याने तो विषय मिटला.

पर्यायांचा विचार

साहित्याचा विचार मी भावांना चारही बाजू वेगवेगळ्या धरून करायला लावला. दक्षिणेला रस्त्याकडे २२० फूट, माती चांगली. पूर्वेला पऱ्ह्याकडे ४०० फूट, उतार आणि माती. उत्तरेला २२० फूट निखळ कातळ. पश्चिमेला वरचे १६० फूट कातळ आणि खालचे २४० फूट जुना गडगा. एकच प्रकारचे कुंपण चारही बाजूंना घालण्याचा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात.

जिवंत कुंपणाचा पर्याय मला व्यक्तिशः प्रिय आहे. चिलार, सागरगोटा, करवंद, शेर आणि निवडुंग यांची दाट वई पूर्वी गावोगाव असायची. ती स्वस्त असते, गंजत नाही आणि पाखरांना आसरा देते. पण ती दाट व्हायला तीन-चार पावसाळे लागतात, तोवर तिलाच गुरांपासून राखावे लागते, आणि कातळावर ती धरत नाही. म्हणून जाळीच्या आतून चिलार आणि करवंद लावायचे, म्हणजे दहा वर्षांनी जाळी गेली तरी वई उभी असेल, एवढ्यावर तो पर्याय ठेवला.

सिमेंटात बांधलेली चार फूट उंचीची चिऱ्याची भिंत थोरल्यांच्या मनात पहिल्यापासून होती. तिचा दर त्या वेळी फुटाला ५६० रुपये आला, म्हणजे पूर्ण परिघाला जवळपास सात लाख. भावांची तयारी अडीच लाखांची होती. तयार सिमेंटच्या फळ्यांच्या भिंतीचा दरही फुटाला चारशेच्या वर होता आणि उतारावर तिचे टप्पे नीट बसत नाहीत. काटेरी तार स्वस्त, पण डुकराला ती अडवत नाही. दोन पदरांमधून ते अंग घालून जाते.

सौर कुंपणावर थोडे थांबलो. प्रमाणित यंत्रातून तारेत अगदी अल्पकाळाचे झटके सोडले जातात; जनावर दचकून मागे फिरते आणि जीव जात नाही. डुकरांवर ते चांगले चालते. मात्र तारेला गवत टेकले की विजेची गळती होऊन झटका मंदावतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला तारेखालचे गवत कापणे धाकट्यांना एकट्याने शक्य नव्हते. घरातील वीज सरळ तारेत सोडण्याचा सल्लाही गावात एकाने दिला. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात, याची चर्चा करण्याचेही कारण नव्हते. कुंपणाखालच्या फटीत फासकी (तारेचा फास) लावू देऊ नये, हेही तेव्हाच ठरवले. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकल्याच्या घटना आमच्या भागाला नव्या नाहीत.

अखेर ठरले ते असे. दक्षिण आणि पूर्व बाजूंना सिमेंटच्या खांबांवर पाच फूट उंचीची, तीन इंची चौकटीची, दहा गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) जस्त चढवलेली जाळी आणि तिच्या पायाशी जमिनीत अर्धा गाडलेला चिऱ्याचा एक थर, कारण डूक्कर जाळी फाडत नाही, ते खालून नाकाने उचलते. कातळाच्या ३८० फुटांवर तिथेच पडलेले दगड रचून साडेतीन फुटी नवा गडगा आणि त्यावर लोखंडी अँगलना काटेरी तारेचे दोन पदर. जुन्या गडग्याची डागडुजी. रस्त्याकडे बारा फुटी लोखंडी फाटक.

ठेकेदाराची निवड

तीन दर समोर होते. पहिला तालुक्याच्या गावातील दुकानदार-ठेकेदाराचा, फुटाला ११८ रुपये. कोटेशन म्हणजे व्हॉट्सॲपवरील एक ओळ, ‘जाळी फेन्सिंग पोलसहित’. गेज किती, चौकट किती, खांब किती अंतरावर, काहीच नाही. दुसरा शहरातील संस्थेचा, फुटाला १८५ रुपये. कागद व्यवस्थित, जीएसटीसह पक्के बिल, पण तळटीप अशी की कातळ लागल्यास खड्ड्याचा दर वेगळा, आणि तो दर लिहिलेला नव्हता. तिसरा शेजारच्या वाडीतील ठेकेदार. तो सगळे काम अंगावर घ्यायला तयार नव्हता. “साहेब, माल तुम्ही आणा, मी मजुरी घेतो. माल माझ्याकडून घेतलात तर उद्या जाळी गंजली की माझ्या दारात याल,” असे त्याने मला स्पष्टच सांगितले. जाळीची मजुरी फुटाला ४५ रुपये, खड्डे, काँक्रीट आणि ताण देण्यासह. गडग्याचे काम वेगळे, फुटाला १५० रुपये.

थोरल्यांना पहिला दर आकर्षक वाटत होता आणि दुसऱ्याचा कागद विश्वासाचा वाटत होता. माझे मत तिसऱ्याकडे झुकले, आणि त्याची कारणे मी त्यांना अशी दिली. गडगा घालणे ही वेगळी कारागिरी आहे, ती शहरातील संस्थेच्या मजुरांकडे नव्हती. पावसाळ्यात खांब कलला तर अर्ध्या तासात येऊ शकेल असा माणूस हवा होता. आणि त्याने केलेली तीन कामे जवळपास होती. धाकट्यांसोबत जाऊन ती आम्ही पाहिली. त्यातील एका ठिकाणी चार वर्षांपूर्वीची जाळी अजून ताठ होती, कोपऱ्यांवर दोन्ही दिशांना टेके, म्हणजे खांबाला दिलेले तिरके आधार, होते. दुसऱ्या ठिकाणी मात्र टेके नव्हते आणि कोपऱ्याचा खांब आत ओढला गेला होता. विचारल्यावर तो म्हणाला, “मालकान टेक्याचे पैशे नको सांगितलान.” उत्तर खरे असेल किंवा नसेल, टेका कुठे लागतो हे त्याला माहीत आहे, एवढे त्यातून कळले.

करार साध्या कागदावर झाला, पण त्यात पुढील गोष्टी लिहिल्या: दोन खांबांतील अंतर आठ फूट, सात फुटी खांब, त्यातील दोन फूट जमिनीत, प्रत्येक कोपऱ्यावर, फाटकापाशी आणि दर पन्नास फुटांवर टेका, मातीतल्या खड्ड्याचा आणि कातळातल्या खड्ड्याचा दर वेगवेगळा. पैसे चार हप्त्यांत द्यायचे: इसार दहा टक्के, खड्डे आणि खांब झाल्यावर चाळीस, जाळी आणि गडगा पूर्ण झाल्यावर तीस, आणि उरलेले वीस टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याला. शेवटच्या अटीवर ठेकेदाराने बरीच कुरकुर केली. वीसचे पंधरा करून ती मान्य झाली आणि ते पाच टक्के तिसऱ्या हप्त्यात गेले.

प्रत्यक्ष काम

मालाच्या पहिल्या खेपेलाच गाडी अडली. व्यापाऱ्याकडून पन्नास फुटांची सात बंडले आली, चिठ्ठीवर ‘दहा गेज’ लिहिलेले. दहा गेजची तार ३.२५ मिलिमीटर जाडीची असते आणि बारा गेजची २.६४. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे बारा गेजची जाळी जवळजवळ एक तृतीयांश हलकी भरते. तीन इंची चौकटीचे, पाच फूट उंचीचे, पन्नास फुटांचे बंडल दहा गेजचे असेल तर साधारण एकेचाळीस किलो भरायला हवे आणि बारा गेजचे सत्तावीस. काजू बीच्या खरेदीच्या काट्यावर बंडल चढवले, तर काटा ३४ वर थांबला. दुसरेही ३४. म्हणजे तार ना दहाची ना बाराची, अकरा गेजची होती. व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने न अडखळता सांगितले की त्यांच्याकडे दहा म्हणून हीच जाते. खरेदी बंडलाच्या भावाने केली होती, ही आमची चूक. किलोच्या भावाने घेतली असती तर निदान कमी लोखंडाचे जास्त पैसे गेले नसते. बंडले परत गेली, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून किलोच्या भावाने माल घेतला, त्यात आठ दिवस मोडले.

जस्ताचा थर किती आहे हे डोळ्यांना कळत नाही; नवी जाळी सगळीच चकचकीत दिसते. सुपारीवर बोर्डो फवारण्यासाठी मोरचूद घरात होताच. त्याचे घट्ट द्रावण करून दोन्ही व्यापाऱ्यांच्या जाळीचे बोटभर तुकडे मी त्यात एकेक मिनिट बुडवून, धुऊन, पुसून पुन्हा बुडवले. जस्त शाबूत असेतोवर तारेवर काळपट थर येतो आणि तो फडक्याने निघतो. जस्त संपून लोखंड उघडे पडले की त्यावर तांबे चढते आणि ते पुसले जात नाही. पहिल्या व्यापाऱ्याचा तुकडा दुसऱ्याच बुडवणीत लाल झाला, दुसऱ्याचा चौथीपर्यंत टिकला. ही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, पण दोन नमुन्यांत डावे-उजवे करायला पुरेशी आहे. थोरले बंधू तो लाल तुकडा अजून खिशात घालून हिंडतात आणि भेटेल त्याला दाखवतात.

खांबांबाबतही तसेच झाले. ट्रकमधून उतरवताना एक खांब मधोमध तुटला, त्यातून आत चारऐवजी तीनच सळ्या दिसल्या. ठेकेदाराने स्वतःहून आणखी दोन खांब फोडून पाहिले; त्यांत चार निघाल्या. तुटलेला बदलून घेतला आणि बाकीचे स्वीकारले. इथे अधिक कठोर व्हायला हवे होते असे आता वाटते, पण मार्च उजाडला होता.

कातळावर ब्रेकर चालवण्याआधी एक सकाळ झाडू घेऊन सगळी रेघ झाडून काढली. याच टापूतील सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, कातळशिल्पे आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली, आणि खोदरेषा धुळीखाली सहज लपतात. आमच्या रेघेवर काही निघाले नाही. अँगलसाठी कातळात नऊ इंची भोके पाडून काँक्रीट भरले. गडगी, म्हणजे गडगा रचणारा, मात्र बघत राहावा असा कारागीर होता. दगड उचलून तो हातात एकदाच फिरवायचा आणि ठेवायचा. ठेवलेला दगड मी त्याला परत उचलताना पाहिला नाही. पायथ्याला अडीच फूट रुंद आणि वर दीड फूट, मधे लहान दगडांची भर, सिमेंटचा कणही नाही.

पावसाळ्यातील मोड

काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पूर्वेकडील चार खांब आडवे झाले.

कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. कातळावरून येणारा एक ओहोळ बागेतून तिरका उतरून पूर्वेच्या रेघेतून पऱ्ह्याला मिळतो. उन्हाळ्यात तो कोरडा, जेमतेम सहा फूट रुंद असतो. ठेकेदाराने त्यावरूनही जाळी सलग ओढली आणि खालून चिऱ्याचा थरही नेला. मी पाहिले आणि काही बोललो नाही. पाण्याबरोबर आलेला आंब्याचा पाला, वाळक्या फांद्या आणि सुपारीच्या झावळ्या जाळीत अडकल्या, तासाभरात जाळीचा बांध झाला, आणि मागे साठलेल्या पाण्याच्या वजनाने खांब पायासकट उपटले. जाळी जितकी मजबूत तितके तिने अधिक खांब सोबत नेले.

ठेकेदार दुसऱ्या दिवशी आला. दोष कोणाचा यावर थोडी बोलाचाली झाली. त्याचे म्हणणे की रेघ मालकांनी आखून दिली होती, आणि ते खरे होते. अखेर मजुरी त्याची आणि साहित्य मालकांचे असे ठरले. ओहोळावरचा आठ फुटांचा गाळा मोकळा करून दोन्ही बाजूंना टेके दिलेले खांब बसवले, वरून एक लोखंडी पाइप आडवा टाकला आणि त्याला साखळीने बांबूचे झुलते फाटक टांगले. पाणी आले की ते पुढे उचलले जाते, कचरा निघून जातो, पाणी ओसरले की पुन्हा खाली येते. दसऱ्याला राखून ठेवलेले पंधरा टक्के तक्रारीशिवाय दिले गेले. ती रक्कम हातात नसती तर तो इतक्या तत्परतेने आला असता का, हे मी सांगू शकत नाही. माणूस बरा आहे, पण जुलैत त्याच्याकडे लावणीची कामेही होती.

खर्च आणि परिणाम

जाळीच्या बाजूंना साहित्य आणि मजुरी मिळून १,२३,६०० रुपये लागले, म्हणजे फुटाला साधारण २०३. चिऱ्याचा थर २९,०००, नवा गडगा ५७,०००, अँगल आणि काटेरी तार २१,०००, जुन्या गडग्याची डागडुजी ९,६००, शिवाय शेजाऱ्याने चार दिवस दोन गडी दिले ते वेगळे, फाटक २४,०००. एकूण २,६४,२०० रुपये, ओहोळाची दुरुस्ती आणि मोजणीचा खर्च सोडून. सुरुवातीच्या ११८ रुपयांच्या दराने हेच काम कागदावर १,४६,३२० रुपयांत झाले असते. त्या पैशांत कोणती तार आली असती, ते थोरल्यांच्या खिशातल्या तुकड्यावरून कळते.

त्यानंतर दोन हंगाम गेले. गुरांचा त्रास थांबला. काजूची रोपे कमरेच्या वर आली. डुकरे एकदा झुलत्या फाटकाखालून आत आली, तेव्हापासून फाटकाच्या तळाला जड लोखंडी दांडी बांधली आहे. माकडे पूर्वीसारखीच येतात, उलट सिमेंटच्या खांबांवर बसून आंबे खातात.

वेगळे काय करता आले असते

रेघ आखण्याआधी एक पावसाळा ती चालून पाहायला हवी होती. मोजणीच्या अर्जाची वाट पाहण्यात ऑक्टोबर ते जानेवारी गेलेच. अर्ज जूनमध्ये केला असता तर ओहोळ वाहताना दिसला असता आणि चार खांब वाचले असते. साहित्य पहिल्यापासून किलोच्या भावाने घ्यायला हवे होते, आणि खांबांची तपासणी ट्रक उतरवल्यावर नव्हे, तर ते ज्या ठिकाणी ओततात तिथे जाऊन करायला हवी होती. गडग्याबाबत माझ्या मनात अजून शंका आहे. शेजाऱ्याशी झालेला लेख मुद्रांकावर आहे, नोंदणी केलेला नाही. वकिलांनी नोंदणीचा आग्रह धरला होता. दोन्ही घरांना तो अविश्वास वाटला. शेजाऱ्यांचा मुलगा पुण्यात असतो, त्याची त्या कागदावर सही नाही. येत्या गणपतीत तो गावी आला की धाकट्यांनी त्याला मोजणीची प्रत दाखवायची आहे.